गच्चीचा उतार आणि मथवाडचे पाट (अलीराजपूर भटकंती)

लोकमान्यनगरची_माई, इंदूर

'मध्य प्रदेशातली आडवाटेची ठिकाणं' या जुन्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की इंदूरहून चार दिवसांत जाऊन येण्यासारखा, अजून रिसॉर्टं न उगवलेला डोंगर-जंगलाचा पट्टा कोणता. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, मग टंकाळा आला, मग घरात लग्न निघालं. आज बसलेच.

पट्टा म्हणजे अलीराजपूर. २००८ साली झाबुआतून वेगळा काढलेला जिल्हा. दहातली जवळजवळ नऊ माणसं आदिवासी. भिल, भिलाला, बारेला, पाटलिया. २०११च्या जनगणनेत देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत साक्षरता सर्वांत कमी इथे निघाली, ३६ टक्क्यांच्या आसपास. जिल्ह्याच्या दक्षिणेला सोंडवा, त्याच्याही खाली मथवाडचे डोंगर, आणि डोंगर संपतात तिथे नर्मदा. नदीपलीकडे नंदुरबार, डाव्या-उजव्या हाताला बडवानी आणि गुजरात. गंगवालच्या स्टँडवरून बस धरली की धार, कुक्षी करत दोनशेच्या आसपास किलोमीटर. त्यापुढे जीप, जीपच्या पुढे पाय.

पण मला सुरुवात आमच्या घरापासून करायची आहे.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही घरावर मजला चढवला. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर निळी ताडपत्री बांधून एक कुटुंब पाच महिने राहिलं. नवरा, बायको, त्याचा धाकटा भाऊ, आणि कडुनिंबाला बांधलेल्या झोळीतलं एक पोर. ती रेजा, म्हणजे तगारी वाहणारी. (पुण्याच्या मंडळींसाठी: तगारी म्हणजे तुमचं घमेलं. आमच्या इंदुरी मराठीला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वेळ नाही.) मी त्यांना उरलेल्या पोळ्या द्यायची, संक्रांतीला तिळगूळ दिला, दोन जुन्या साड्या दिल्या, आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. कुठले म्हणून विचारलं तर नवरा म्हणाला, "अलीराजपुर साइड." त्या 'साइड'च्या पुढे मी काही विचारलं नाही.

काम चालू असताना एकदाच भांडण झालं. आमचे 'हे' निवृत्त सिव्हिल इंजिनियर. गच्चीचा उतार कुठल्या कोपऱ्याला काढायचा यावरून यांनी त्या नवऱ्याला चांगलंच झापलं होतं. तो म्हणत होता, "साहब, पानी इधर नहीं जाएगा." यांनी डंपी लेव्हल, म्हणजे उतार मोजायची दुर्बीण, काढून दाखवली. तो गप्प बसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

होळीच्या आधी ती मंडळी गावी गेली, आणि पंधरवड्यात मी पण त्याच जिल्ह्यात. योगायोग नाही, आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपनं वालपूरचा भगोरिया ठरवला होता. गाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच: पोरगा गुलाल लावतो, पोरगी पान खाते, दोघं पळून जातात. भगोरिया म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातला आठवडी बाजार, इतकी साधी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, मलाही नाही. त्याच्या आदल्या आठवड्याचा तो त्योहारिया हाट, होळीनंतरचा उजाडिया, मधला भगोरिया. गुजरातेत आणि इंदुरात कामाला गेलेली माणसं सणाला परततात, गूळ, साखरेचे हार-कंगन, दाळ्या, खजूर, कपडे घेतात, माणसाएवढे मांदल वाजतात, बासऱ्या वाजतात, सोयरेधायरे भेटतात. लग्नं जुळतही असतील. आपल्या जत्रेत जुळत नव्हती का?

तर मी झूम लावून चेहरे टिपत होते. गळ्यात चांदीची जाडजूड तागली, कंबरेला साखळ्या, एकाच रंगाच्या लुगड्यातल्या सात-आठ जणी एकमेकींचे हात धरून चालत होत्या. त्यांतल्या एकीचे मी सहा फोटो काढले. अप्रतिम चेहरा. मग ती सरळ माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "भाभी, मेरा फोटू निकाला ना?"

मी ओळखलं नाही. तिनं डोक्यावर तगारी धरल्यासारखे दोन हात वर केले, तेव्हा ओळखलं.

पाच महिने रोज दिसणारी बाई. मी काय बोलले मला आठवत नाही. चांदीवरून काहीतरी बोलले असावे, कारण ती हसत म्हणाली की ही वाण्याकडे गहाण होती, तुमच्या स्लॅबच्या पैशांत सोडवली. मग तिनं मला दाळ्या घेऊन दिल्या. मी पैसे काढले तर हात धरला. आणि म्हणाली, इंदूरला आम्ही तुमच्याकडे इतकं राहिलो, तुम्ही आमच्याकडे कधी येणार?

डिसेंबरात आम्ही दोघं गेलो.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. प्रतिसादांत विचारलंत तरी नाही, कारण खाली सांगेन. जीप एका नाल्यापाशी थांबली, तिथून दोन तास चाल. जंगल म्हणाल तर कान्हासारखं दाट नव्हे. साग आहे, सालई आहे, अंजन आहे, पण बऱ्याच टेकड्यांचे बरगडे दिसतात. घराजवळ मोहाची आणि ताडाची झाडं मात्र नीट राखलेली, प्रत्येकाला धनी. सकाळी ताडाची धार काढतात. ऊन चढायच्या आधी ताडी गोड, दुपारपर्यंत आंबट आणि चढणारी. यांनी सकाळची घेतली असं यांचं म्हणणं आहे.

गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. फळ्ये, म्हणजे विखुरलेल्या वाड्या. एकेक घर आपापल्या टेकाडावर, भोवती स्वतःचं शेत. शेजाऱ्याला बोलवायचं तर हाळी घालायची, आणि ती हाळी घळीतून फिरून येईस्तोवर थांबायचं. बांबूच्या चिरफळ्यांच्या भिंती, वरून शेणमातीचा लेप, कौलं. आत मक्याची कणसं टांगलेली आणि माझी एक साडी. पडदा म्हणून लावलेली. तिच्याकडे बघायचं मी चारही दिवस टाळलं.

जेवायला मक्याची जाड रोटली, उडदाची डाळ आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची. आमच्यासाठी कोंबडी राखून ठेवली होती. मी खात नाही म्हटल्यावर कोंबडीचा जीव वाचला आणि घरच्या पोरांचा विरस झाला. दुसऱ्या दिवशी पानिये केले: मक्याचं पीठ मळून दोन पानांमध्ये थापायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं. आकड्याची म्हणजे आपल्या रुईची पानं घेतात, आमच्याकडे खाकऱ्याची होती, म्हणजे पळसाची. पान जळतं, पिठावर त्याच्या शिरा उमटतात आणि धुराचा वास आत बसतो. आमच्या सराफ्यात रात्री अकरा वाजता लोक रांगा लावतील असा पदार्थ, पण तिथे तो चालणार नाही, तूप फार मागतील.

आता पाट. हा धागा खरं म्हणजे याच्यासाठी.

डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला वरच्या अंगाला दगडमातीचा आडवा बांध घालतात आणि पाणी बाजूला काढतात. तिथून डोंगराच्या कुशीकुशीनं एक चर. ओढा तर धावत खाली जातो. चर मात्र इतक्या हलक्या उतारानं नेलेली असते की बरंच अंतर गेल्यावर ती ओढ्याच्या कितीतरी वर, डोंगराच्या खांद्यावर दिसते. खालून बघणाऱ्याला वाटतं पाणी डोंगर चढतंय. मध्ये घळ आडवी आली की दगड रचून उंच पूल करतात आणि पाणी त्यावरून पलीकडे. चिरा-फटींत सागाची पानं आणि चिखल. सिमेंटचा एक कण नाही. पावसाळ्यात बांध वाहून जातो, म्हणून दरवर्षी पाऊस सरला की घरटी माणूस येतो आणि पाट पुन्हा बांधतात. मग पाळीनं पाणी. त्या पाण्यावर हरभरा आणि गहू, जिथे विहीर खणायची तर कातळ.

हे चरीच्या कडेनं वाकून वाकून चालत होते. शेवटी म्हाताऱ्याला, तिच्या सासऱ्याला, विचारलं की लेव्हल कशी काढता. त्याला प्रश्नच कळला नाही. मुलानं समजावून सांगितल्यावर म्हणाला, काढायची कशाला? थोडं खणायचं, पाणी सोडायचं, ते कुठं थांबतंय बघायचं, मग पुढं खणायचं.

हे बराच वेळ दगडावर बसून राहिले. मग त्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "गच्चीचं पाणी त्याच कोपऱ्यात साचतं."

तो म्हणाला, "मालूम है साहब."

बाकी रात्री, गाणी, नदी हे सगळं प्रतिसादांत लिहिते. चुलीवर दूध आहे.

भटकी_स्कूटी, पुणे

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! साडीचा पडदा वाचून थांबले जरा.

माई, गावाचं नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तरी? होमस्टे आहे का तिथे? आम्ही सहा जणी आहोत, ड्रोन पण आहे.

खवचट_काका, इंदूर

लेख छान. पण जरा दुसरी बाजू. मी पंचवीस वर्षं इंदूर-दाहोद-अहमदाबाद रस्त्यावर माल पाठवला आहे. माछलिया घाटात रात्री गाड्या अडवून दगडफेक व्हायची, पोलीस गाड्यांचे ताफे करून सोडायचे. माझा ड्रायव्हर डोकं फोडून घेऊन आला होता. तेव्हा 'भोळेभाबडे निसर्गपुत्र' हे जरा जपून. शिवाय दारू, डाकीण ठरवून बायकांना मारणं, वधूमूल्याचे भाव. हे दिसलं की नाही चार दिवसांत? का फक्त पानिये?

प्रतापनगर_पॅसेंजर, वडोदरा

माई, तुमच्याकडून गेलं की दुर्गम, आमच्याकडून गेलं की लोकल. वडोदऱ्याच्या प्रतापनगरहून छोटा उदेपूरला जाणारी गाडी २०१९पासून अलीराजपूरपर्यंत जाते. सकाळी डब्यात निम्मी माणसं डोंगरातली, निम्मी त्यांच्याशी व्यापार करणारी. मी नोकरीनिमित्त आठ वर्षं केली आहे ती वारी.

आमच्या बाजूला राठवा आदिवासी. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर पिठोरा असतो. ते चित्र शोभेचं नव्हे, नवसाचं. घरात आजारपण, जनावरं दगावणं असं काही झालं की बडवा, म्हणजे त्यांचा भगत, सांगतो, मग नवस बोलतात, आणि फेडायच्या वेळी लखारा येऊन भिंत लिहितो. तिथे चित्र 'काढलं' म्हणत नाहीत, 'लिहिलं' म्हणतात. घोडे ओळीनं, वरच्या भागात देवादिकांचे, खाली शेतकरी, वाघ, ताडावर चढलेला माणूस, आता तर विमान आणि बंदूकधारी शिपाईही असतात. लिहून झालं की बडवा सगळं वाचून तपासतो, काही राहिलं असेल तर लखाऱ्याला घालायला लावतो. अलीराजपूर-झाबुआकडेही ही परंपरा आहे. भूरीबाईंना २०२१ची पद्मश्री मिळाली, आमच्याकडच्या परेश राठवांना २०२३ची. भूरीबाई आधी भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या, हे माईंच्या लेखावरून आठवलं. तिथे जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले.

तेजगढला आदिवासी अकादमी आहे, गणेश देवींनी उभारलेली. देवी आमच्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत, मूळचे आपलेच, भोरचे. 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे तिथे, मागे कोरज डोंगर आणि त्यात शैलचित्रं. सहा जणींनी ड्रोन न घेता तिथे जावं, लोक नीट माहिती देतात.

आता काकांना. माल मीही बघितला आहे. गोध्रा भागात गारगोटी दळायचे कारखाने. अलीराजपूर, झाबुआ, धारची तरणी माणसं तिथे कामाला जायची आणि वर्ष-दोन वर्षांत फुप्फुसात सिलिका भरून घरी मरायला जायची. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारला २०१६ साली सांगितलं. ती भुकटी काचेसाठी जायची. तुमच्या ड्रायव्हरचं डोकं फुटलं ते वाईटच. पण हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो.

खवचट_काका, इंदूर

सिलिकोसिसचं माहीत नव्हतं. बाकी माझा प्रश्न माईंना होता.

सातपुड्याचं_पाखरू, धडगाव / सध्या पिंपरी

नवीन सदस्य. दोन वर्षं नुसता वाचत होतो, या धाग्यासाठी आयडी काढला.

मी पावरा. माई गेल्या त्याच्या बरोबर समोर, नर्मदेच्या अलीकडच्या काठावर आमचं घर. माझी आत्या मथवाडकडे दिलेली आहे. तिकडे भिलाला-बारेला म्हणतात, इकडे पावरा, पण सोयरिकी होतात आणि बोली जवळजवळ तीच. तुमच्या नकाशावर तिथे दोन राज्यांची सीमा आहे, आमच्यासाठी ती आत्याच्या घरची वाट होती. लहानपणी उन्हाळ्यात नदी उतरून जायचो. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ला बंद झाले, २०१९च्या पावसाळ्यात पाणी १३८.६८ मीटरला टेकलं, आता आत्याकडे जायला बोटीवाल्याची वेळ बघावी लागते. काठची काळी जमीन खाली गेली. कलिंगडं व्हायची तिथे.

दोन-तीन गोष्टी.

काका, दापा वाढलाय हे खरं. पोरीच्या बापाला देतात ते. माझ्या लग्नात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, पण कर्ज अजून फिटतंय. झाबुआ-अलीराजपूरकडे समाजातलीच माणसं दहेज, दारू आणि डीजे या तिघांविरुद्ध गावोगाव बैठका घेतात. डाकणीचं खूळही आहे, त्यानं बाया मेल्या आहेत, ते मी झाकणार नाही. फक्त एवढंच विचारतो की हुंडा म्हटला की तुम्ही एखाद्या घराचं नाव घेता, आणि दापा म्हटला की अख्ख्या जमातीचं, असं का होतं?

माई, पाटाबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या आजोबांच्या हातचा होता एक. पण मोबदल्याच्या कागदावर पाट कुठल्या रकान्यात लिहायचा हे कुणालाच कळलं नाही. विहीर असती तर रकाना होता.

आणि सहा फोटो काढताना तिला विचारलं नव्हतं, ते तुम्ही लिहिलंत, म्हणून मी आयडी काढला.

लोकमान्यनगरची_माई, इंदूर

पाखरू, स्वागत. तुझ्या शेवटच्या वाक्यावर काय लिहू? ते फोटो ग्रुपच्या प्रदर्शनाला द्यायचे होते. दिले नाहीत. प्रिंट काढून तिलाच नेऊन दिले. एक तिनं ठेवला, पाच वाटून टाकले. सासू म्हणाली, तोंड कशाला इतकं जवळून काढलंय, चांदी तर अर्धीच दिसते!

काका, दिसलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या टेकाडावर भांजगडी, म्हणजे पंचांपुढची तडजोड, होती. एकाची बायको दुसऱ्याकडे निघून गेली होती. दोन्हीकडचे पंच सकाळपासून मोहाच्या झाडाखाली, मध्ये पटेल, म्हणजे गावचा मुखिया. मी जाऊन बसले, कुणी हटकलं नाही. भाषा अर्धीमुर्धी कळत होती, पाणी, वाट, डोंगर, आंबा असे शब्द ओळखीचे वाटतात आणि वाक्य मात्र हातातून निसटतं. बाई स्वतः लांब, पाठ करून बसलेली. रक्कम ठरायला संध्याकाळ झाली. एकदाही कुणी तिच्याकडे वळून विचारलं नाही. मला ते खुपलं, अजून खुपतं. पण हेही सांगते की ती जिथे गेली होती तिथेच राहिली, तिला कुणी ओढून परत आणलं नाही, मारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती नाल्यावर पाण्याला आली तेव्हा बायका तिच्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या. आमच्या कुटुंबात एक घटस्फोट झाला, त्या मुलीला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. तेव्हा माझी तुलना करून झाली, पुढची तुम्ही करा.

रात्रीचं राहिलं होतं. शेकोटीभोवती एक म्हातारा रंगाई घेऊन बसला. तंतुवाद्य, आवाज बसका. तो एक ओळ म्हणायचा, मागचे दोघं ती उचलायचे. मी यांना म्हटलं, भजन दिसतंय.

सातपुड्याचं_पाखरू, धडगाव / सध्या पिंपरी

भजन नाही माई, गायणा. पृथ्वी कशी झाली, नदी कुठून निघाली, राणी काजल कोण, राजा पांठा कोण, सगळं त्यात येतं. रात्रभर चालतो. इंदलच्या सणाच्या वेळी तर कळमाच्या, म्हणजे कदंबाच्या, फांद्या आणून अंगणात रोवतात आणि उजाडेपर्यंत नाच. म्हाताऱ्याला पूर्ण येत असेल तर नशीबवान आहात. आमच्या गावात पूर्ण येणारा आता एकच उरलाय, आणि तो दम्यानं बेजार.

राणी काजल मथवाडकडची. पाऊस लांबला की आमच्या बाजूचीही माणसं तिच्याकडे जायची. देवीला व्हिसा लागत नाही.

नागपुरी_तर्री, नागपूर

सुंदर धागा. थोडं अवांतर, पण विषयाच्या बांधावरच.

असा दुर्गम म्हणून आमच्याकडे पातालकोट दाखवतात, छिंदवाडा जिल्ह्यात तामियाजवळ. वरून बघितलं तर खाली घोड्याच्या नालासारखं खोल खोरं, सुमारे ७९ चौरस किलोमीटर, त्यात बारा गावं, भारिया आणि गोंड. २०१९ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. टीव्हीवाले दर वर्षी 'जगाला माहीत नसलेलं पाताळ' म्हणून दाखवतात. तिथे एक राजाखोह आहे, गावकरी सांगतात की नागपूरचा राजा इंग्रजांपासून इथे लपला होता.

राजाखोहची गोष्ट लोककथा म्हणून सोडा, पण राजा लपला हे खरं. अप्पासाहेब भोसले. १८१७ला सीताबर्डीची लढाई हरले, १८१८च्या मे महिन्यात कैदेत प्रयागकडे नेत असताना पहारेकऱ्यांना फितवून निसटले आणि थेट पचमढीच्या महादेव डोंगरात शिरले. गोंड आणि कोरकू ठाकुरांनी कित्येक महिने सांभाळलं. इंग्रजांच्या पलटणी पायथ्याशी तापानं आजारी पडत होत्या आणि वर राजा नाचणी-कोदो खात बसलेला. मग असीरगड, पंजाब, शेवटी जोधपूर, तिथेच १८४०ला वारले. चाळीस वर्षांनी तात्या टोपे नर्मदा उतरून आले तेव्हा त्याच डोंगरातले कोरकू भभूतसिंह त्यांच्या मदतीला. पचमढीच्या अभयारण्याला आता त्यांचं नाव दिलंय.

म्हणजे आपली मंडळी अडचणीत आली की या डोंगरांत त्यांना दार उघडं असायचं. नंतर आपण त्याच डोंगरातल्या लोकांना काय म्हणायला लागलो ते जाऊ द्या.

कट्ट्यावरचा_सिंधिया, ग्वाल्हेर

आमच्याकडे सहरिया आदिवासी. कुनोच्या जंगलात सिंहांसाठी म्हणून चोवीस गावं उठवली, सिंह आलेच नाहीत, मग २०२२ला चित्ते आले. चित्त्यांची नावं पेपरात येतात. तूर्तास एवढंच.

गोळी_आणि_गोष्टी, इंदूर

पेशानं डॉक्टर, म्हणून दोन रुक्ष वाक्यं. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या पट्ट्यात मलेरिया असतो, फॅल्सिपॅरम हा धोकादायक प्रकारसुद्धा. मच्छरदाणी न्या, परतल्यावर ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून बसू नका, कुठे गेला होतात ते डॉक्टरला सांगा.

दुसरं, माझ्या ओपीडीत बांधकामावरची मुलं सांधे दुखतात म्हणून येतात. त्यातली काही सिकल सेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, निघतात. भिल-भिलालांत हे प्रमाण जास्त. त्यांना थंडी, तहान आणि अतिश्रम सोसत नाहीत, आणि आपण त्यांना नेमकं तेच काम देतो. २०२३च्या जुलैत शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी फुकट आहे, कार्ड मिळतं. तुमच्या प्लॉटवर कुणी असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा.

भटकी_स्कूटी, पुणे

ड्रोन रद्द. :) तेजगढचं बघते. पण माई, 'कारण खाली सांगेन' म्हणाला होतात, नाव न देण्याचं.

लोकमान्यनगरची_माई, इंदूर

हो, राहिलंच. निघताना मी तिच्या नवऱ्याला विचारलं होतं, आमच्या ओळखीचे लोक आले तर चालतील का, दोन पैसे मिळतील. तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, पाच-सहा लोक आले तर त्यांचं पाणी कोण वाहणार? नाला अर्ध्या तासाच्या उतारावर. मी म्हटलं बायका वाहतात ना. तो म्हणाला, तेच.

शिवाय त्यांची निम्मी जमीन नेवाड, म्हणजे जंगल तोडून पूर्वी कधी काढलेली. २००६च्या वनहक्क कायद्याखालचा दावा भरलेला आहे, कागद अजून यायचा आहे. अशा वेळी तिथे शहरी गाड्या, कॅमेरे, रील्स नकोत असं पटेलाचं म्हणणं. मला पटलं. बसायला खाट मिळाली म्हणून घरात दुसऱ्यांना बोलवायचा हक्क मिळत नाही.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा, कट्ठीवाड्याच्या बाजूनं सुरुवात करा, तिथला एकेक नूरजहाँ आंबा दोन-तीन किलोंचा होतो पण तो जूनमध्ये. भगोरियाला गेलात तर बाजारासारखे जा: पिशवी न्या, काहीतरी विकत घ्या. मुलांना चॉकलेटं वाटू नका.

सातपुड्याचं_पाखरू, धडगाव / सध्या पिंपरी

आणि ताडी दुपारनंतर घेऊ नका. यांनी सकाळचीच घेतली यावर माझा विश्वास नाही.

लोकमान्यनगरची_माई, इंदूर

धागा वर काढतेय, थोडं कामाचं आहे.

परवा तिचा फोन आला. उजाडिया हाट झाला की मंडळी इंदूरला येतायत, यंदा धाकट्या दिराचं लग्न झालंय, म्हणजे चार हात वाढले. इंदूरकरांपैकी कुणाचं काम निघणार असेल तर व्यनि करा. राहायला पक्की खोली किंवा निदान पत्र्याचं छप्पर, संडासाची सोय आणि मजुरी दर शनिवारी, एवढं असेल तरच.

आमच्याकडेही काम आहे. गच्ची पुन्हा करायची ठरली आहे. उतार कुठल्या कोपऱ्याला काढायचा ते हे विचारून घेणार आहेत.

समोरच्या प्लॉटवर बंगला उठतोय, म्हणून तिथल्या ठेकेदारालाही विचारलं. तो म्हणाला, आदमी अच्छे हैं तो भेज दो आंटी, कहाँ के हैं? मी गावाचं नाव सांगितलं, फळ्याचं पण सांगितलं.

तो म्हणाला, "मतलब अलीराजपुर साइड."